खाली गाव नसलेलं पाणी

बामणोलीच्या लाँचमध्ये आई कधी पाण्याकडे बघत नाही. हे मी अगदी लहानपणापासून बघत आलेय. लाँच सुटली की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेते, पिशवी मांडीवर घट्ट धरते आणि नजर पायाशी, फळीवर. पलीकडे मामाच्या वाडीला उतरेपर्यंत मान वर नाही. मला वाटायचं आई पाण्याला घाबरते. आम्ही पोरं काठाला लटकून हात पाण्यात घालायचो, वासोट्याचा डोंगर कुठून दिसायला लागतो यावर भांडायचो, आणि आई तशीच खाली मान घालून बसलेली. मी नववी-दहावीत असेन तेव्हा एकदा मामा सहज बोलून गेला, "आता आपण आपल्या घरावरनं चाललोय." मी पटकन वर डोंगराकडे बघितलं, कुठलं घर, आणि मामाने बोट खाली केलं, पाण्याकडे.

आईचं माहेर कोयनाकाठचं, जावळी तालुक्यातलं, तापोळ्याच्या खालच्या अंगाला. साठ सालच्या आसपास धरणाचं पाणी चढायला लागलं आणि खोऱ्यातली गावं एकेक करून उठली, कुणी सांगलीकडे गेलं, कुणी ठाणे-रायगडकडे, आणि काही जण कुठेच न जाता डोंगराला वरवर सरकत राहिले. आजोबा सरकणाऱ्यांतले. आई तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ज्याला आपण सगळे शिवसागर म्हणतो, 'मिनी काश्मीर' म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला नेतो, ते तिच्यासाठी सरोवर नाहीच. ती अजून त्याला नुसतं 'पानी' म्हणते. "पानी आलं तवा..." अशी तिची वाक्यं सुरू होतात.

हे सगळं लिहायचं कारण गेल्या जूनमध्ये मी आईला घेऊन नॉर्वेला गेले. माझी लेक बर्गनला असते, नोकरीला, आणि तिने हट्टच धरला की आजीला आणायचंच. आई पंचाहत्तरीची. पासपोर्टचा फॉर्म भरताना जन्मगावाच्या रकान्यात काय लिहायचं यावर घरात दोन दिवस चर्चा. माझा भाऊ म्हणाला सरळ सातारा लिहून टाक, कशाला भानगड, ते गाव आता नाहीच. आई आतून ऐकत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, "गावाचंच नाव लिवा. पान्याखाली गेलं म्हनून मी काय दुसरीकडं जन्मले व्हय?" लिहिलं मग गावाचंच नाव. आज तिच्या पासपोर्टवर ते गाव आहे.

बर्गनहून फ्योर्डची, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्रातली, बोट एका दिवसात करून येता येते, आणि ती कशी करायची ते सांगते म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल. सकाळी बर्गनहून ट्रेनने वॉस, तिथून बसने गुदवांगेन, गुदवांगेनला बोट धरायची ती दोन तासांनी फ्लोम गावी सोडते, फ्लोमहून डोंगर चढणारी छोटी ट्रेन मिर्डालपर्यंत आणि मिर्डालहून मोठ्या ट्रेनने रात्री परत बर्गन. उलट दिशेनेही करतात. फ्लोमची ती ट्रेन २० किलोमीटरमध्ये ८६० मीटरच्या वर चढते, वाटेत एका धबधब्यापाशी थांबवतात, सगळे उतरून फोटो काढतात, छान आहे. पण माझ्यासाठी तो दिवस म्हणजे ते मधले बोटीचे दोन तास, बाकी सगळं त्याच्या आगेमागे.

गुदवांगेनच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर आधी मान दुखते. तिन्ही बाजूंनी कडे, सरळ वर गेलेले, आणि वरून पाण्याच्या पांढऱ्या रेषा. जूनची सुरुवात म्हणजे तिथे बर्फ वितळायचा काळ, त्यामुळे धबधबे भरून वाहतात. आईने नऊवारीवर स्वेटर, त्यावर लेकीचं जाड जॅकेट, डोक्याला लोकरीची टोपी असा सगळा जामानिमा केलेला. ती वर बघून म्हणाली, "आपल्या भांबवलीसारखंच की." आणि खरंच, आषाढात कासवरून बामणोलीला उतरताना जे दिसतं त्याच जातीचं ते दृश्य होतं, फक्त इथे धुकं नव्हतं आणि डोंगराची कातडी वेगळी होती. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर बसून झालाय, म्हणून कड्यांना पायऱ्या पायऱ्या दिसतात, मधल्या पट्टीवर गवत. इथला डोंगर गुळगुळीत, कुणीतरी मोठ्या रंध्याने तासल्यासारखा. तासलाय तो हिमनदीने. हजारो वर्षं बर्फ दरीतून सरकत राहिलं, खडक खरवडत राहिलं, आणि दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटलं तसा समुद्र आत शिरला. फ्योर्ड म्हणजे हेच, बर्फाने कोरलेल्या दरीत भरलेला समुद्र. हा जो आम्ही बघत होतो तो नेरॉयफ्योर्ड, मोठ्या सोग्नेफ्योर्डचा एक बारीक फाटा. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरच्या वर आत आलाय, म्हणजे असं समजा की हर्णैचा समुद्र सह्याद्री फोडून सातारा ओलांडून म्हसवडच्याही पुढे गेलाय, आणि सगळ्यात खोल जागी तो तेराशे मीटर खोल आहे. आईला हे समुद्राचं पाणी आहे हे पटेचना. लाट नाही, खारा वास नाही, समोरचा काठ हाकेच्या अंतरावर. समुद्र असा असतो होय?

बोट सुटली ते आम्हाला कळलंच नाही. काठ हलायला लागला म्हणून कळलं. ही बोट पूर्ण बॅटरीवर चालते, २०१८ पासून या पाण्यात आहे, ४०० माणसं मावतात, बाजूने वर-खाली फिरायला उतरत्या वाटा केल्यात, डोंगरातल्या पायवाटेसारख्या वळणावळणाच्या. इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा वास नाही. मला लाँच म्हटलं की आधी तो वास येतो, मग ते धक धक धक जे छातीत बसतं आणि वाडीवर उतरल्यावरही तासभर कानात राहतं. इथे नुसतं पाणी कापल्याचा बारीक आवाज, आणि धबधबा जवळ आला की त्याचा. एका वळणावर कुठल्यातरी काठावरच्या मेंढीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, स्वच्छ, आणि बोटीवरचे सगळे, कुठकुठल्या देशांचे लोक, एकदम गप्प झाले. (एक सांगते, थंडी वाजली तरी आत काचेमागे बसू नका. जॅकेट घाला, बाहेरच थांबा. आत बसून तो डोंगर टीव्हीसारखा दिसतो.)

आणि आई कठड्याशी उभी होती. हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, मी फोटोंच्या नादात होते. लेकीने मला कोपराने ढोसून दाखवलं. आई दोन्ही हातांनी रेलिंग धरून खाली वाकून पाणी बघत होती. अंगाची एवढीशी, त्या फुगीर निळ्या जॅकेटमध्ये बुडालेली, नऊवारीचा काठ वाऱ्याने फडफडत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, आई, बस थोडं, दमशील. तिने मान हलवली फक्त. मग कितीतरी वेळाने, नेरॉयफ्योर्डची सगळ्यात अरुंद जागा येते, दोन्ही काठांत जेमतेम अडीचशे मीटर, तिथे ती लेकीला म्हणाली, "बाळ, ह्यात गावं किती गेली गं?"

लेकीला आधी प्रश्नच कळला नाही. मी सांगितला. मग ती म्हणाली, आजी, एकही नाही. हे धरण नाहीये. हे पाणी माणसं यायच्या आधीपासून आहे, माणसं नंतर आली आणि काठावर राहिली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे हे पानी कुनाच्या दारात आलं न्हाई. मानसंच पान्याच्या दारात आली." आणि परत खाली बघायला लागली.

मला तेव्हा कळलं ती एवढं का बघतेय. तिला आयुष्यात पहिल्यांदा असं मोठं, डोंगरांमधलं, आपल्या खोऱ्यासारखं दिसणारं पाणी भेटलं होतं ज्याच्याकडे बघताना खाली चूल दिसत नव्हती. मला रडू आलं. लेकीने माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि माझा हात धरून उभी राहिली.

पुढे मग आम्ही काठावरची घरं बघत गेलो. खरं सांगायचं तर आईला धबधब्यांपेक्षा त्यांचंच अप्रूप जास्त. बाक्का म्हणून एक वस्ती लागते, १८५९ सालचं पांढरं चर्च आणि मोजकी घरं, पाठीवर अख्खा डोंगर. मग स्तीवी. तिथून कधीकाळी ओस्लो आणि बर्गनमधला टपालाचा रस्ता जायचा, टपालवाले होडीतून येऊन तिथून पायी पुढे. डोंगराच्या पायाशी हातरुमालाएवढं हिरवं शेत, एक लाकडी कोठार. आई प्रत्येक ठिकाणी विचारायची, हितं रस्ता हाय का? दवाखान्याला कसं जात असतील? पोरीबाळी कुठं देत असतील? मला जाणवलं की हे प्रश्न त्या बोटीवर फक्त तिलाच पडत होते, कारण ती असल्या काठावर राहिलेली होती. बाकी आम्ही सगळे बघायला आलेलो.

नेरॉयफ्योर्ड संपून मोठ्या फाट्याला वळलं की थोड्या वेळाने उंड्रेडाल दिसतं. शंभरेक वस्तीचं गाव, माणसांपेक्षा शेळ्या जास्त, बाराव्या शतकातलं लाकडी चर्च ज्यात चाळीसच माणसं बसतात. या गावाला गाडीरस्ता आला १९८८ साली. तोपर्यंत जे काय ते होडीने, नवरी पण आणि दुखणाईत पण. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तर आपलीच." आमच्या मोठ्या मामीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा रात्रीची वेळ, लाँचवाल्याला उठवून आणायला एक माणूस काठाकाठाने पळाला होता, आणि माझा मामेभाऊ लाँचमध्येच जन्मला, कंदिलाच्या उजेडात, मधोमध पाण्यात. ती गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगून झालीय. आईने ती परत सांगितली, लेकीला, उंड्रेडालकडे बघत, आणि या वेळी त्यात एक नवीन वाक्य होतं जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "पोरगं जन्मलं ते आपल्या जुन्या गावावरच, तवा आजीनं पान्यात हळदकुंकू सोडलं." आजीने म्हणजे माझ्या आजीने. खाली गाव होतं म्हणून.

उंड्रेडालचं तपकिरी चीज प्रसिद्ध आहे, बोटीच्या कॅन्टीनमध्ये तपकिरी चीज होतंच, लेकीने आणलं. शेळीच्या दुधाचं दही-चीज काढून उरलेलं पाणी तासन्‌तास आटवत बसतात, दुधातली साखर करपट गोड होईपर्यंत, त्याची वडी. आम्ही बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली. आईने चीजचा पातळ काप दशमीवर ठेवला, तोंडात घातला, डोळे मिटले. "खरवड," ती म्हणाली. दुधाच्या पातेल्याच्या तळाला लागते ती, जिच्यासाठी आम्ही भावंडं मारामारी करायचो. मी खाल्लं आणि अगदी तंतोतंत. साताऱ्यात पेढ्यासाठी खवा आटवतात ना, त्याच्या कढईच्या कडेला जे राहतं ते, आणि त्यात चिमूट मीठ. आईने उरलेलं चीज रुमालात बांधून घेतलं, मामासाठी.

आता एक गोष्ट जी मला तिथे बसून सारखी आठवत होती. ती बोट बॅटरीवर चालते म्हणजे वीज लागते, आणि गुदवांगेनची लाइन तेवढा भार एकदम सोसणारी नव्हती म्हणून धक्क्याशी एक तरंगती बॅटरी बांधलीय, ती दिवसभर सावकाश भरते आणि बोट आली की वीस मिनिटांत तिला देऊन टाकते. नॉर्वेची बहुतेक सगळी वीज पाण्याची. म्हणजे आम्ही ज्या शांततेत चाललो होतो ती कुठल्यातरी डोंगरातून खाली पडणाऱ्या पाण्याने दिलेली. कोयनेचं पण तेच. आईच्या गावावरचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पलीकडे कोकणात पोफळीला पडतं, तिथे वीज होते, सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. आणि गंमत म्हणजे हे दोन देश या एका बाबतीत खरोखर जोडलेले आहेत. धरण रिकामं न करता तळाला भोक पाडून पाणी बोगद्यात घ्यायचं, आधी खालून बोगदा खणत यायचा, शेवटचा काही मीटरचा खडक ठेवायचा आणि तो एका स्फोटात उडवायचा, याला लेक टॅपिंग म्हणतात. नॉर्वेत ते शेकडो ठिकाणी केलंय, तिथलंच तंत्र ते. आणि कोयनेला ते १३ मार्च १९९९ ला झालं, मग २०१२ ला परत. पेपरात आशियातला पहिलाच प्रयोग असं छापून आलेलं, पहिल्या पानावर फोटो. आईने तो पेपर हातात घेतला होता, मला आठवतंय, आणि विचारलं होतं, "खाली अजून काय ऱ्हायलं व्हतं उडवायचं?"

मामाच्या वाडीवर वीज आली तेव्हा माझी दहावी होऊन गेली होती. म्हणजे ज्या पाण्याची वीज मुंबईपर्यंत गेली त्या पाण्याच्या काठावर वीस-पंचवीस वर्षं कंदील. आजोबांचे जमिनीचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले, ते गेले तेव्हाही फिरतच होते. याचा मला राग आहे, अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही. वीज नको असं मी म्हणत नाही. मी पण त्याच विजेवर अभ्यास केला, माझ्या घरात पण तीच जळते. पण बदल्यात देतो म्हणून सांगितलेली जमीन द्यायला हवी होती, आणि वेळेत द्यायला हवी होती, माणसं जिवंत असताना.

रात्री लेकीने मला आल्टा नदीबद्दल सांगितलं. नॉर्वेच्या पार उत्तरेला तिथल्या सामी लोकांचं मासी नावाचं गाव धरणाच्या मूळ योजनेत बुडणार होतं. लोक उभे राहिले, १९७९ मध्ये ओस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. धरण शेवटी झालंच, १९८७ ला, पण लहान करून, आणि मासी बुडालं नाही. आजही आहे. मी ते नकाशावर शोधलं, मोठं करून बघितलं, घरं दिसतात, शाळा दिसते. का कोण जाणे पण मी त्या गावाकडे बराच वेळ बघत बसले होते. म्हणजे हे होऊ शकतं. कागदावर रेघ मारलेली असते आणि ती हलवता येते.

फ्लोमला उतरलो तेव्हा तीन वाजत आलेले. ट्रेनला वेळ होता म्हणून धक्क्याजवळच्या बाकावर बसलो. ऊन लख्ख, आणि ते असंच रात्री दहा-साडेदहापर्यंत राहणार. आई म्हणाली, मामाला फोन लाव. तिकडे साडेसहा झालेले. वाडीवर रेंज एकाच जागी येते, वडाखालच्या दगडावर, मामा रोज संध्याकाळी तिथे येऊन बसतो, आईचा फोन येईल म्हणून. लागला.

मला वाटलं आता आई बोट, कडे, धबधबे, विमान सगळं सांगेल. तिने सांगितलं ते असं. "अरे, हितं लई पानी हाय, आपल्यावानीच, डोंगरात. पन घरं तिथल्या तिथंच हायती. काठाला. एक बाई कापडं वाळत घालत हुती, मी हात केला, तिनं पन केला." मग मामाने काहीतरी विचारलं. "न्हाई, पाऊस न्हाई हितं. ऊन पडलंय. तुमच्याकडं?"

मी फोन स्पीकरवर टाकला. मामाचा आवाज तुटत तुटत येत होता. वळीव एक झाला, म्हणाला, मोठा पाऊस अजून नाही. पाणी लई खाली गेलंय यंदा. देवळाचा चौथरा उघडा पडलाय, पायरी दिसतीय, तुळशीचं वृंदावन पण निम्मं वर आलंय.

आई एकदम ताठ बसली. ते दर वर्षी होत नाही. पाणी फार उतरलं तरच, पाऊस लागायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस.

"दिवा लावला का रं?"

"लावला. काल गेल्तो लाँच घेऊन. आज पन ही पोरं गेल्याती, त्यो बघ, हितनं दिसतोय."